पोराच्या अंगातला गुण दुसऱ्याच्या कामी कसा लावायचा (एका संडे स्कूल टीचरच्या वहीतून)

नाताळचा प्रोग्राम आला की आमच्याकडे दरवर्षी तेच. गाता येणारी पोरं माइकसमोर, पाठांतरवाल्यांना वचनं, दिसायला गोड असतील ते देवदूत, आणि उरलेली सगळी मेंढरं. खरोखरची मेंढरं, अंगाला कापूस चिकटवून. मी 14 वर्षं झाली संडे स्कूल (रविवारी चर्चमध्ये पोरांना बायबल शिकवायचा वर्ग) घेतेय आणि त्यातली निदान 10 वर्षं मीच पोरांना मेंढरं केलंय, तेव्हा हे कुणाला नावं ठेवायला लिहीत नाहीये. पण एका वर्षी त्यातल्याच एका मेंढराने, सातवीतला पोरगा होता, कापूस सोलता सोलता मला विचारलं, "टीचर, मग मला देवाने काय दिलंय?" आणि मला पटकन काही सुचेना. "प्रत्येकाला काहीतरी दिलंय रे" असलं काहीतरी बोलले, त्याला ते अजिबात पटलं नाही हे तोंडावर दिसत होतं.

तिथून मी पद्धत बदलली. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, नगरची (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय), 40-45 कुटुंबं, त्यामुळे जे सांगतेय ते लहान चर्चमध्ये किंवा अगदी एका घरातसुद्धा जमणारं आहे. आणि तुम्ही ख्रिस्ती नसाल, देवाचं नाव वेगळ्या पद्धतीने घेत असाल, तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

पहिलं काम, वही घ्या. साधी 10-20 रुपयांची. 15 दिवस पोराला काही सांगायचं नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं. "हुशार आहे", "कलाकार आहे" असलं लिहू नका, त्याने काहीच कळत नाही. काय केलं ते लिहा. सांगितल्याशिवाय काय करतो, कशात जेवायची हाक ऐकू येत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओरडा कशाबद्दल खातो. माझ्या अनुभवात अर्धे गुण या ओरडा खायच्या यादीतच सापडतात. शाळेतून तक्रार येते "फार बडबडते", ती पोरगी अनोळखी माणसाशी दोन मिनिटात गप्पा मारू शकते, हे किती मोठ्यांना जमतं? सगळं उघडून ठेवणारा पोरगा घरातला रिमोट खोलतो पण मिक्सरचं बटण पण तोच बसवतो. सारखी लुडबुड करणारी पोरगी म्हणजे कुणाच्या घरी काय कमी आहे हे तिलाच आधी कळतं.

त्या मेंढराच्या पानावर मी 15 दिवसात काय लिहिलं होतं सांगते. अक्षर स्वच्छ. मध्ये बोलत नाही. दुसऱ्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबतो. सांगितलेलं जसंच्या तसं करतो, स्वतःचं काही घालत नाही. बास, चारच ओळी. मला तेव्हा वाटलं यात काय गुण आहे, हे तर नुसतं गरीब पोरगं आहे. पुढे सांगते काय झालं ते.

दुसरं म्हणजे पोरांना हे सगळं कुठल्या शब्दात सांगायचं. बायबलात पेत्राच्या पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायात कृपादानांबद्दल, म्हणजे देवाने दिलेल्या गुणांबद्दल लिहिलंय, तिथे आपल्या मराठी पवित्र शास्त्रात (बायबलात) कारभारी हा शब्द आहे. मी वर्गात वाचला आणि पोरं फिदीफिदी हसायला लागली, का तर एकीची आजी आजोबांना "अहो कारभारी" म्हणते. मी पण हसले आणि मग तोच धागा धरला. म्हटलं आजोबांना कारभारी का म्हणतात, शेत कुणाचं? तर पणजोबांचं, चार भावांचं. आजोबा मालक आहेत का, तर नाही, ते बघतात, पेरतात, हिशोब ठेवतात, आणि धान्य आलं की चारही घरात पोचवतात. सगळं एकट्याने खाल्लं तर भाऊ काय करतील? "कोर्टात जातील" असं एकजण म्हणाला, ते पण खरंच. तर तुझा गळा, तुझे हात, तुझं डोकं हे शेत आहे, तू कारभारी. यापेक्षा जास्त थिऑलॉजी 12 वर्षांपर्यंत लागत नाही असं माझं मत आहे.

आता इथे बहुतेक लोक चुकतात, मी पण चुकले. आपण गुण बघतो आणि मग तो दाखवायला जागा शोधतो. गाता येतं ना, चला वृद्धाश्रमात गाणी म्हणू. उलटं करा. आधी गरज शोधा, आणि ती घरी बसून ठरवू नका, विचारा. आमच्या मंडळीत एक आजी अंथरुणाला खिळलेल्या होत्या, आम्ही 9 पोरं घेऊन गेलो, गिटार, ड्रम, नवीन इंग्लिश-हिंदी कोरस. आजींनी हात जोडून ऐकलं. निघताना माझ्या धाकट्याने (तेव्हा 8 वर्षांचा, तोंडाला लगाम नाही) विचारलं, "आजी आवडलं का?" आजी म्हणाल्या आवडलं रे, पण मला हे काही येत नाही, टिळकांची भजनं येतात का तुम्हाला? एकालाही येत नव्हतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपल्या भाषेत, अभंगाच्या चालीवर एवढं लिहून ठेवलंय, आपल्या गीतांच्या पुस्तकात पानोपानी आहे, आणि आम्ही ड्रम घेऊन गेलो. आणि अजून एक, आजींना मोतीबिंदू होता, त्यांची खरी अडचण ही की रोज रात्री स्तोत्र वाचायची सवय होती ते बंद पडलेलं. त्यासाठी गाणारं पोरगं नको होतं, वाचणारं हवं होतं. ती बडबडी पोरगी दर शनिवारी जायला लागली, एक स्तोत्र वाचायचं, पेपरातल्या निधन वार्ता वाचायच्या (आजींचा आग्रह) आणि मग 20 मिनिटं गप्पा.

तर गरज शोधायला मी पोरांना तीन प्रश्न पाठ करायला लावलेत. "आधी जमायचं आणि आता जमत नाही असं काय आहे?" "कुठल्या कामाला कुणीतरी सोबत असतं तर बरं झालं असतं?" "मी परत आलो तर चालेल का?" तिसरा प्रश्न सोडू नका. नाही म्हणायचा हक्क समोरच्याला असतो, आणि पोराला तो नकार ऐकायची सवय पण लागते.

गरज कळली की मग वही उघडायची आणि जुळवायचं. हे जुळवणं पोरांसमोर बसून करा, त्यांनाच करू द्या, ती आपल्यापेक्षा भारी जुळवतात कारण त्यांना एकमेकांचे गुण माहीत असतात.

एवढ्यावर लगेच धावायचं नाही, तयारी. लोकांना वाटतं मन चांगलं असलं की झालं. नाही हो. कच्ची पोळी प्रेमाने वाढली तरी पोट दुखतंच. बायबलातल्या निर्गम पुस्तकाच्या 31 व्या अध्यायात बसालेल नावाचा कारागीर आहे, सोनं, चांदी, पितळ, लाकूड, सगळ्याचं काम येणारा, आणि तिथे म्हटलंय की देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरलं, कशासाठी, तर कारागिरीसाठी. मला हे फार आवडतं. म्हणजे रंधा सरळ मारणं हे पण आत्म्याचं काम आहे. तसंच प्रेषितांच्या कृत्यांत टबीथा, ती मेल्यावर विधवा रडत पेत्राला काय दाखवतात? तिने शिवलेले कपडे. भाषण नाही, कपडे. तर पोराला सांगायचं की दुसऱ्यासाठी करतोयस म्हणून दोनदा सराव कर. वाचणाऱ्या पोरीला मी महिनाभर मोठ्याने, सावकाश, स्वल्पविरामाला थांबून वाचायला लावलं, ती वैतागली, पण आजींना कमी ऐकू येतं हे तिला माहीत होतं म्हणून केलं तिने.

इथे पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी मोठ्या पोरांना सांगते. केडगावचं मुक्ती मिशन, आमच्या नगरला लागून आहे ते केडगाव नाही, दौंड तालुक्यातलं. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली, बायका आणल्या, उपाशी, आजारी. त्यांना नुसतं जेवू घालून बसवून ठेवलं नाही. कुणी मागावर, कुणी शिवणाला, कुणी शेतीत, कुणी छापखान्यात. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं ते मुक्तीच्याच छापखान्यात छापलं, छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवणाऱ्या हातांत तिथल्या मुली होत्या. रमाबाई 1922 ला गेल्या, पूर्ण बायबल 1924 ला बाहेर आलं. ज्यांना लोकांनी "बिचाऱ्या" म्हणून सोडलं असतं त्यांच्या हातात काम देणं, हे मला पोरांना दाखवायचं असतं. कारण आपली पोरं मदत करायला जातात तेव्हा समोरचा बिचारा आणि मी देणारा असं त्यांच्या डोक्यात पटकन बसतं. म्हणून माझा एक नियम आहे, ज्याच्याकडे जाल त्याच्याकडून काहीतरी शिकून यायचं. त्या पोरीला आजींकडून टिळकांची भजनं चालीसकट मिळाली, आता ती तिच्या बॅचला शिकवते.

बरं आता ते मेंढरू. नववीत गेला तेव्हा आमच्या ओळखीतल्या एका दृष्टिहीन मुलाला दहावीच्या बोर्डाला लेखनिक हवा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, परीक्षार्थी सांगतो आणि लेखनिक लिहितो, आणि तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो, म्हणून दहावीला नववीचं पोरगं चालतं. मंजुरी वगैरे शाळेमार्फत आधी घ्यावी लागते, हे आयत्या वेळी करू नका, दिवाळीनंतर लगेच शाळेत जाऊन विचारा. अपंग परीक्षार्थींना जादा वेळ मिळतो, तासाला निदान 20 मिनिटं, म्हणजे 3 तासांच्या पेपरला 4 तास, आणि लेखनिकाला पण तेवढा वेळ बसून लिहायचं असतं. आता सांगा, या कामाला कसलं पोरगं लागतं? हुशार, चटपटीत पोरगं इथे धोक्याचं, ते स्वतःची उत्तरं घालतं, किंवा "अरे हे चुकलं" असा चेहरा करून सुस्कारा सोडतं. इथे लागतं स्वच्छ अक्षर, मध्ये न बोलणं, थांबणं, सांगितलेलं जसंच्या तसं लिहिणं. माझ्या वहीतल्या चार ओळी! मी ती वही घेऊन त्याच्या घरी गेले आणि त्याच्या आईला दाखवली.

आई आधी तयार नव्हती, बरोबरच आहे, त्याचीही नववीची परीक्षा तोंडावर. आम्ही असं केलं की जानेवारीपासून दर रविवारी उपासनेनंतर एक तास दोघांचा सराव, म्हणजे सांगण्याचा आणि लिहिण्याचा वेग जुळतो. भूमितीच्या आकृत्या कशा सांगायच्या, शब्दाचं स्पेलिंग सांगायचं का नाही, खाडाखोड कशी करायची, हे सगळं आधीच ठरवून ठेवलं. पहिल्या दिवशी पोरगं घरी आलं ते हात वाकडा करत, आईने तेल लावून दिलं. सगळे पेपर लिहिले त्याने. मला फक्त एवढंच म्हणाला, "टीचर, त्याला सगळं येत होतं, मी नुसतं लिहिलं." मी म्हटलं हो.

लहान पोरांचं काय, तर 4 ते 7 वर्षांपर्यंत गुण वगैरे शोधायच्या मागे लागूच नका, दर आठवड्याला बदलतो तो. त्यांना मोठ्यांच्या कामात घुसवा. सगळ्यात सोपी वेळ म्हणजे नाताळचा फराळ. आपल्याकडे करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या होतातच, करंजी कातण्याने कापायला 6 वर्षांच्या पोरालाही जमतं, आणि तळायच्या कढईपासून लांब बसतं ते. फक्त घाण्यात सुरुवातीलाच ठरवा की यातल्या 3 ताटल्या कुणाच्या. आणि उरलेल्या, तुटलेल्या करंज्या द्यायच्या नाहीत हं, चांगल्या त्या ताटलीत, तुटक्या आपल्या डब्यात. पोरं हे बरोब्बर बघतात. शेजारी दिवाळीला आपल्याला ताट पाठवतातच, त्यांचं रिकामं ताट परत करायचं नसतं हे पोरांना यातूनच कळतं. ताटाबरोबर पत्रक नको, नुसता फराळ द्या, पोरांना खाऊ देताना मनात दुसरा हिशोब ठेवायला शिकवू नका.

वेळ ठरवून द्या, आणि कमी द्या. "आजीकडे जात जा" असं म्हटलं की दोनदा जातं पोरगं. "शनिवारी 5 वाजता, अर्धा तास, 6 आठवडे" असं म्हटलं की जातं. सहा आठवडे का तर एवढ्यात पहिल्या दोन वेळचा उत्साह संपून कंटाळा येतो आणि त्या कंटाळ्यातून पार व्हायला दोन-तीन वेळा उरतात. कंटाळा आला म्हणजे गुण नव्हता असं नाही, मलाही दर रविवारी सकाळी 8 ला संडे स्कूलचा कंटाळा येतो.

आता एक अवघड गोष्ट. प्रत्येक घरात एक पोरगं असतं जे म्हणतं मला काहीच येत नाही, बहुतेक वेळा ते दुसरं पोरगं असतं, पहिलं फार चमकणारं असलं की. त्याला मी मत्तयच्या 25 व्या अध्यायातला दृष्टान्त सांगते, तीन चाकर, एकाला पाच तालान्त, एकाला दोन, एकाला एक. एकवाला घाबरतो आणि जमिनीत पुरून ठेवतो. पोरांना वाटतं त्याला बिचाऱ्याला कमी मिळालं. पण तालान्त म्हणजे नाणं नव्हे, ते वजन होतं, त्या काळच्या मजुराची साधारण 20 वर्षांची मजुरी. फळ्यावर हिशोब करा, रोज 500 रुपये, वर्षाचे 300 दिवस, गुणिले 20. तीस लाख! पोरं "आईशप्पथ" म्हणतात. तीस लाख मिळालेला माणूस शेजाऱ्याच्या दीड कोटीकडे बघून खड्डा खणत बसला. एवढंच सांगा आणि थांबा, "म्हणून तू पण" असं लगेच जोडू नका, पोरगं रात्री झोपताना स्वतः जोडतं. आणि मोठ्यांनो, दोन भावंडांत तुलना करणं बंद करा, हा खड्डा आपणच खणून देतो कितीतरी वेळा.

फोटोचं बोलायचं नव्हतं पण बोलतेच. स्टेटसला फोटो टाकू नका. आजी अंथरुणावर, विस्कटलेले केस, आणि शेजारी आपलं पोरगं बायबल धरून हसतंय, आजींना विचारलं का? उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं प्रभूने सांगितलंय आणि आपण मंडळीच्या ग्रुपवरच्या 200 जणांना कळवतो. चॉकलेट, स्टार, सर्टिफिकेट पण नको. मी एक वर्ष स्टार चार्ट लावला होता, दोन पोरं एकाच आजींचं पाणी भरायला भांडली, आजींची टाकी ओसंडून गेली. हां, पण घरी आल्यावर ऐकून घ्या. "काय झालं आज?" एवढं विचारायचं आणि कुकरची शिट्टी झाली तरी ऐकायचं.

सुरक्षेत मात्र ढिलाई नको, हे मी पालकांच्या मीटिंगला दरवेळी सांगते आणि कुणाला वाईट वाटलं तरी सांगते. कुठल्याही घरी एकटं पोर पाठवायचं नाही, दोघं दोघं, आणि एक मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात. दार उघडं. मंडळीतलं घर असलं तरी, पुढाऱ्याचं असलं तरी. "हे कुणाला सांगू नको" असं कुणी म्हटलं की ते सगळ्यात आधी घरी सांगायचं, हे पोरांना पाठ पाहिजे. आजारी माणसाला औषध देणं, उचलणं, पैसे आणून देणं ही पोरांची कामं नाहीत. आणि पोराला जावंसं वाटत नसेल तर कारण न विचारता एक वेळ तरी ऐका, मग सावकाश विचारा.

हार्वेस्टच्या (पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या) उपासनेला आम्ही हल्ली एक करतो. मोठे लोक धान्य, भोपळे, कोंबड्या, नारळ आणतात, नंतर लिलाव होतो, पोरं आईबापाने दिलेली 10 ची नोट टाकतात. त्याऐवजी चिठ्ठी. त्यावर स्वतः देऊ शकेल असं एक काम, कुणासाठी आणि किती वेळ. "शेजारच्या काकूंच्या बाळाला रोज 15 मिनिटं खेळवीन, नोव्हेंबरभर." "चर्चच्या चपला ओळीत लावीन." या चिठ्ठ्यांचा लिलाव अर्थातच नाही, त्या अर्पणाच्या ताटात जातात, पास्टर प्रार्थना करतात, आणि मी घरी आणून वहीत चिकटवते. योहानाच्या सहाव्या अध्यायातल्या त्या पोराकडे पण जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्याच होत्या, त्यातून प्रभूने पाच हजारांना जेवू घातलं, आणि त्याचं नाव सुद्धा लिहिलेलं नाही.

सहा आठवडे संपले की पोराला विचारायचं, पुढे चालू ठेवायचं का? आणि नाही म्हटलं तर नाही. फक्त एक अट, थांबतोय हे त्या माणसाला स्वतः जाऊन सांगायचं, मी फोन करणार नाही. मागच्या वर्षी एक पोरगा असाच एका आजोबांना मोबाइल शिकवत होता, क्रिकेटचं कोचिंग लागलं म्हणून थांबला. सांगायला गेला तो जाताना त्याच्या बहिणीला घेऊन गेला, म्हणाला हिला पण येतं पण ही जरा ओरडते. आजोबा म्हणाले ओरडू दे, मला ऐकू कमीच येतं.